दोन हजार भरले, तरी बिल वाढलं कसं? क्रेडिट कार्डाची तारीख आणि व्याज, दुकानदाराच्या हिशोबात



पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात लोहाऱ्यात आपली छोट्या दुकानदारांची बॅच झाली. (लोहारा म्हणजे धाराशिव जिल्ह्यातला तालुक्याचा लोहारा नव्हे. आपला यवतमाळला लागून असलेला, दारव्हा रोडवरचा, एमआयडीसीचा लोहारा. मागे दोघं जण नाव ऐकून गोंधळले होते, म्हणून आधीच सांगून टाकतो.) विषय होता उधारीची वसुली. पण चहाच्या सुट्टीत मोटर वाइंडिंगचं दुकान असलेले एक भाऊ मोबाईल हातात घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, मी तं पैसे भरले ना. मंग बिल कमी व्हायचं सोडून काऊन वाढून राहिलं?"

मोबाईलवर बँकेचा मेसेज होता. जुलैचं बिल ४०,००० रुपये. त्यांनी ऑगस्टमध्ये शेवटच्या तारखेच्या आत २,००० रुपये भरले. मेसेजमध्ये 'मिनिमम अमाउंट ड्यू' म्हणून तेवढीच रक्कम दिली होती. आणि पुढचं बिल आलं ४०,८४१ रुपयांचं. मधल्या काळात कार्ड एकदाही वापरलं नव्हतं. (आकडे मी हिशोबाला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत, बाकी मामला जसाच्या तसा.)

त्यांना वाटलं बँकेनं फसवलं. बँकेनं फसवलेलं नव्हतं. सगळं नियमात होतं, आणि खरी अडचण तिथंच आहे. त्या दिवशी उधारी वसुलीचा अर्धा तास कापून आम्ही फळ्यावर हाच हिशोब मांडला. व्हिडिओत मी तो भरभर सांगितला, खाली अनेकांनी "सर, आकडे लिहून द्या" म्हटलं. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, खरंच.

तीन तारखा

कार्डाच्या व्यवहारात तीन तारखा असतात. पहिली, तुम्ही खरेदी केली ती. दुसरी, बिल बनतं ती. तिसरी, पैसे भरायची शेवटची. पहिली तारीख तुमच्या हातात असते. बाकीच्या दोन बँकेनं ठरवलेल्या असतात. (बिलाची तारीख बदलून घेता येते, ते पुढे सांगतो.)

आपल्या वाइंडिंगवाल्या भाऊंचं बिल दर महिन्याच्या १८ तारखेला बनतं. म्हणजे १९ जून ते १८ जुलै या काळात जे काही कार्डावर घेतलं, ते सगळं १८ जुलैच्या बिलात येतं. यालाच बिलिंग सायकल म्हणतात. बिल बनल्यावर पैसे भरायला त्यांना २० दिवस मिळतात. १८ जुलैमध्ये २० दिवस मिळवा, ७ ऑगस्ट येते. ती शेवटची तारीख.

आता एक गंमत बघा. समजा त्यांनी १७ जूनला कॉपर वायर घेतली. ती खरेदी दुसऱ्याच दिवशी, १८ जूनच्या बिलात आली. शेवटची तारीख ८ जुलै. म्हणजे बिनव्याजी २१ दिवस मिळाले. तीच वायर दोन दिवस थांबून १९ जूनला घेतली असती, तर ती गेली १८ जुलैच्या बिलात आणि पैसे भरायचे ७ ऑगस्टला. बिनव्याजी ४९ दिवस! दुकान तेच, वायर तीच, भाव तोच. दोन दिवस उशिरा कार्ड घासलं म्हणून २८ दिवस जास्त.

जाहिरातीत "५० दिवसांपर्यंत बिनव्याजी" लिहिलेलं असतं ना, त्यातला 'पर्यंत' हा शब्द वाचायचा. ५० दिवस कोणाला मिळतात? बिल बनल्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी करणाऱ्याला. बिल बनायच्या आदल्या दिवशी खरेदी करणाऱ्याला वीस-एकवीसच मिळतात. मोठा माल भरायचा असेल तर आधी कॅलेंडर बघा, मग व्यापाऱ्याला फोन लावा. आपण आठवडी बाजाराचा वार बघून भाजीची खरेदी करतो, तसंच आहे हे.

आणि हा सगळा बिनव्याजी कारभार एकाच अटीवर आहे. मागचं बिल पूर्ण भरलेलं पाहिजे. पूर्ण म्हणजे पूर्ण.

साडेतीन रुपये शेकडा

आता व्याज. कार्डाच्या कागदावर लिहिलेलं असतं, 'दरमहा ३.५ टक्के'. वाचताना हे लहान वाटतं. एफडीला वर्षाला सहा-सात टक्के मिळतात, आपला मेंदू त्याच्याशी तुलना करतो आणि म्हणतो, साडेतीनच तर आहे.

पण आपल्याकडे गावात व्याज कसं बोलतात? "किती शेकडा?" दोन रुपये शेकडा, तीन रुपये शेकडा, पाच रुपये शेकडा. शंभरावर महिन्याला इतके रुपये. त्या भाषेत सांगायचं तर कार्ड म्हणजे साडेतीन रुपये शेकडा. बॅचमध्ये मी हे वाक्य म्हटलं तेव्हा एक आजोबा पटकन बोलले, "अरे बाप्पा, हा तं सावकार झाला!" त्यांना टक्केवारी शिकवायची गरजच पडली नाही.

वर्षाचं करा. साडेतीन गुणिले बारा म्हणजे ४२ टक्के. सगळ्या कार्डांना इतकंच असतं असं नाही, काहींना कमी असतं, काहींना थोडं जास्तही असतं. तुमच्या कार्डाचा वर्षाचा दर बिलावर छापलेला असतो, 'एपीआर' या नावानं. आज बिल काढून तो शोधा.

तुलनेसाठी एक गोष्ट सांगतो. महाराष्ट्रात सावकारीचा कायदा आहे, २०१४ सालचा. त्याखाली शासनानं परवानाधारक सावकारासाठी दर ठरवून दिले. शेतकऱ्याला तारण असेल तर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२. शेतकरी नसलेल्याला तारणावर १५, विनातारण १८. म्हणजे कायद्यानं चालणाऱ्या सावकाराला दुकानदाराकडून विनातारण १८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही, आणि कार्ड ४२ नं चालतं. कार्डाला हा कायदा लागू नाही, बँका रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये सांगितलं होतं की वेळेत पूर्ण बिल न भरणाऱ्याकडून ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २० डिसेंबर २०२४ ला कोर्टानं आयोगाचा तो आदेश रद्द केला. तेव्हा "तीसच्या वर घेता येत नाही म्हणे" असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. ती बातमी जुनी झाली.

परवाना नसलेला सावकार पाच रुपये, दहा रुपये शेकडा लावतो आणि शेत लिहून घेतो, ते आपल्या जिल्ह्याला सांगायची गरज नाही. त्याच्यापेक्षा कार्ड बरंच. कार्डवाला घरावर येऊन बैल सोडून नेत नाही. पण "बँकेचं आहे म्हणजे स्वस्त असणार" हा गैरसमज मात्र डोक्यातून काढा.

फळ्यावरचा हिशोब

आता भाऊंचं बिल. जूनमध्ये पावसानं ओढ दिली होती. विहिरीवरच्या मोटरी रात्रंदिवस चालल्या, व्होल्टेज कमी-जास्त झालं, मोटरी जळल्या. दुकानात रांग. त्यांनी २० जूनला ३०,००० ची कॉपर वायर आणली, ५ जुलैला १०,००० चे बेअरिंग आणि कॅपॅसिटर. १८ जुलैचं बिल ४०,०००. किमान रक्कम ५ टक्क्यांनी २,०००. ७ ऑगस्टला त्यांनी २,००० भरले. राहिले ३८,०००.

त्यांची समजूत अशी होती की व्याज ७ ऑगस्टनंतर सुरू होईल. १८ ऑगस्टपर्यंत ११ दिवस, त्यात काय होतं, चारशे-पाचशे रुपये. समजूत चुकीची वाटत नाही, किराणा दुकानाच्या उधारीत तसंच असतं. कार्डात तसं नाही. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी सवलत मागे जाऊन रद्द होते आणि राहिलेल्या रकमेवर व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं.

मांडा बघू. भरलेले २,००० पहिल्या खरेदीतून वजा केले, तर पहिल्या खरेदीचे २८,००० राहिले, २० जून ते १८ ऑगस्ट, ५९ दिवस. दुसऱ्या खरेदीचे १०,०००, ५ जुलै ते १८ ऑगस्ट, ४४ दिवस.

२८,००० गुणिले ५९ म्हणजे १६,५२,०००.
१०,००० गुणिले ४४ म्हणजे ४,४०,०००.
बेरीज २०,९२,०००.
त्याचे ४२ टक्के ८,७८,६४०. भागिले ३६५. आले २,४०७ रुपये.

हे झालं व्याज. त्यावर १८ टक्के जीएसटी, ४३३ रुपये. हो, कार्डाच्या व्याजावर जीएसटी लागतो. घराच्या किंवा गाडीच्या कर्जाच्या व्याजावर लागत नाही, कार्डाच्या व्याजावर लागतो. हे बऱ्याच अकाउंट लिहिणाऱ्या पोरांनाही माहीत नसतं.

एकूण २,८४० रुपये आणि काही पैसे. भरले दोन हजार, चढले दोन हजार आठशे चाळीस. बिल ४०,८४१. भाऊ फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माह्ये दोन हजार गेले कुठं?" गेले नाहीत. पण त्यांच्यापेक्षा मोठं काहीतरी दुसऱ्या दारानं आत आलं.

तुमच्या बँकेचा आकडा पाच-पन्नास रुपयांनी इकडेतिकडे येईल, भरलेले पैसे आधी कशात वळते करायचे हे प्रत्येकाचं वेगळं असतं. ते बिलासोबतच्या अटींच्या पत्रकात उदाहरणासकट दिलेलं असतं. रिझर्व्ह बँकेनं तसं उदाहरण देणं बंधनकारक केलंय. ते पत्रक कोणी वाचत नाही, मीही माझ्या पहिल्या कार्डाच्या वेळी वाचलं नव्हतं. त्याची किंमत मोजली आणि मग वाचलं.

'मिनिमम' या शब्दाचा अर्थ

मिनिमम रक्कम भरली की काय होतं? लेट फी लागत नाही. खातं थकलं अशी नोंद जात नाही. बस. एवढंच. व्याज थांबत नाही, बिनव्याजी सवलत परत येत नाही. पण मेसेजमध्ये तो आकडा छोटा आणि सोपा दिसतो, आणि माणसाला वाटतं की बँक म्हणते आहे, "तुमचं एवढंच द्यायचं आहे."

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत दोन गोष्टी आहेत. एक, बिलावर ठळक इशारा हवा की फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल. दोन, किमान रक्कम अशी ठरवायची की ती भरत राहिल्यावर मुद्दल उलट वाढत जाऊ नये. म्हणून भाऊंच्या पुढच्या बिलात किमान रक्कम परत दोन हजार नसणार. त्यात चढलेलं व्याज आणि जीएसटी मिळवलं जाईल, म्हणजे ती पावणेपाच हजारांच्या घरात जाईल. पहिल्या महिन्यात दोन हजार सहज निघाले, दुसऱ्या महिन्यात पावणेपाच निघणार नाहीत. तिसऱ्या महिन्यात लेट फी. गाडी इथून घसरते. पहिल्या महिन्यात तर सगळं ठीकच वाटतं.

आणि आणखी एक, जे मला सगळ्यात वाईट वाटतं. ३८,००० बाकी असताना नवीन खरेदी केली, तर तिला एकही दिवस बिनव्याजी मिळत नाही. १० ऑगस्टला १५,००० चा माल घेतला की त्याच दिवसापासून मीटर चालू, रोजचे साधारण १७ रुपये, वर जीएसटी. तुम्ही म्हणाल, "पण बिल तर अजून बनलंच नाही." नाही बनलं. तरी व्याज चालू.

मग कोणी विचारतं, सर, चाळीस हजारांपैकी एकोणचाळीस भरले आणि एक हजार राहिले तर? तर २०२२ च्या नियमाप्रमाणे व्याज राहिलेल्या रकमेवरच, भरलेले पैसे वजा करून लावायचं. म्हणजे त्या एका हजारावर. ते शंभर रुपयांच्या आतच राहील. पण नवीन खरेदीवरची सवलत गेली ती गेलीच. एक हजार राखायला पुढच्या महिन्याच्या सगळ्या मालावर व्याज. हा सौदा कोणी हुशार व्यापारी करणार नाही. पण "नंतर टाकू" म्हणून रोज कोणीतरी करतं.

कार्डाला मृग कळत नाही

आता खऱ्या दुखण्यावर येऊ.

भाऊंनी २० जूनला वायर आणली. त्या वायरीनं ज्यांच्या मोटरी बांधल्या, ते बहुतेक आसपासच्या गावांतले शेतकरी. ते काय म्हणाले? "कापूस निघाला की देतो." आपल्याकडे हे वाक्य म्हणजे लेखी करारापेक्षा पक्कं. माणसं देतातही. पण कधी? पहिला वेचा दसऱ्याच्या आसपास, कापूस विकून हातात पैसा यायला दिवाळी, कधी त्यानंतरही. म्हणजे जूनमध्ये गेलेला पैसा नोव्हेंबरमध्ये परत. १३०-१३५ दिवस. आणि कार्ड जास्तीत जास्त देतं ४९.

आपला सगळा बाजार वर्षातून दोन वेळा श्वास घेतो, खरिपाला आणि रब्बीला. कृषी केंद्रवाला, कापड दुकानदार, किराणा, वाइंडिंग, ट्रॅक्टरचं गॅरेज, सगळ्यांच्या वह्या मृगाला उघडतात आणि दिवाळीला मिटतात. कार्ड पुण्या-मुंबईच्या पगारदार माणसाच्या मापानं शिवलेलं आहे. दर महिन्याला पगार, दर महिन्याला बिल. ते आपल्या अंगाला तसंच चढवलं की शिवण उसवणारच.

दिवाळीपर्यंत थांबू म्हटलं तर काय होईल, तेही काढलं. ३८,००० वर रोजचं व्याज ४४ रुपये, जीएसटी धरून ५१-५२. १८ ऑगस्टपासून १ नोव्हेंबर, ७५ दिवस. जवळपास ३,८७० रुपये. आधीचे २,८४० मिळवा. चाळीस हजारांच्या मालावर सहा हजार सातशेच्या आसपास, तेही व्याजावरचं व्याज आणि लेट फी न धरता. मधल्या किमान रकमा भरल्या तर थोडं कमी होईल. पण वाइंडिंगमध्ये मजुरी धरून जे सुटतं, त्यातला मोठा तुकडा हा.

इथे एक जण म्हणाले, "सर, माह्याजवळ पण क्रेडिट कार्ड आहे, मले तं एवढं व्याज लागत नाही." पाकिटातून काढून दाखवलं. ते होतं किसान क्रेडिट कार्ड. नाव सारखं, पण नातं काहीच नाही. किसान क्रेडिट कार्ड १९९८ मध्ये सुरू झालं आणि ते पीककर्जाचं खातं आहे. त्याची फेड पिकाच्या हंगामाशी बांधलेली असते, व्याज ७ टक्के, वेळेत फेडणाऱ्याला केंद्राची ३ टक्के सवलत मिळून ४. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून मुदतीत फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडतं. त्या कार्डाला मृग कळतो. दुकानाच्या कार्डाला फक्त १८ तारीख कळते. दोन्ही पाकिटात एकाच कप्प्यात ठेवू नका, खरंच सांगतो. एटीएमसमोर घाईत चुकीचं कार्ड गेलं की वेगळाच घोळ.

एटीएमवरून आठवलं. क्रेडिट कार्डानं रोख काढू नका. रोख रकमेला बिनव्याजी दिवस नसतातच, काढल्या मिनिटापासून व्याज, आणि वर फी, बहुतेक कार्डांवर अडीच टक्के किंवा ठरलेली किमान रक्कम, यापैकी जी जास्त असेल ती. दवाखान्याची अडचण असेल तर वेगळी गोष्ट. मजुरांच्या हप्त्यासाठी नको.

मग कार्ड वापरायचं कशाला?

वापरायचं, जरूर वापरायचं. मी कार्डाचा विरोधक नाही. माल घ्यायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: या मालाचा पैसा माझ्या गल्ल्यात किती दिवसांत परत येतो?

भाऊंच्या दुकानात दोन प्रकारचं काम आहे. एक शेतकऱ्यांचं, हंगामाच्या उधारीवर. दुसरं एमआयडीसीतल्या युनिटांचं आणि गावातल्या कूलर-पंपांचं. कूलर-पंपवाला मोटर नेताना पैसे देतो. युनिटांचं बिल महिन्याभरात निघतं. या दुसऱ्या कामाच्या वायरीसाठी कार्ड उत्तम. १९-२० तारखेला माल उचला, महिन्याभरात पैसा आला, ७ तारखेच्या आत पूर्ण बिल भरा. दीड महिना दुसऱ्याच्या पैशावर धंदा, एक रुपया व्याज नाही. हे जमलं तर कार्डासारखा सोबती नाही.

शेतकऱ्यांच्या कामाच्या मालाला मात्र कार्ड लावायचं नाही. त्याला हंगामाचंच भांडवल पाहिजे. व्यापाऱ्याकडून हंगामाच्या बोलीवर माल, बँकेची कॅश क्रेडिट, नाहीतर मुद्रा कर्ज. किंवा गिऱ्हाईकाकडून वायरीपुरता पैसा आधी आणि मजुरी उधार. शेवटचा उपाय मी सुचवला तेव्हा भाऊ हसले, "लोक दुसऱ्या दुकानात जातील ना सर." जातील काही. पण वायरीचा पैसा आधी मागणारी दुकानंही चालतात, हे त्याच बॅचमधल्या दोघांनी सांगितलं. मी नाही सांगितलं.

आधीच अडकला असाल तर

पहिलं, त्या कार्डावर नवीन खरेदी बंद. आजपासून. दुसरं कार्ड असेल आणि त्याचं बिल स्वच्छ असेल तर ते वापरा, नाहीतर रोखीनं.

दुसरं, शेवटच्या तारखेची वाट बघू नका. व्याज रोजचं आहे. हातात पाच हजार आले की त्याच दिवशी पाच हजार भरा, दोन हजार आले तर दोन हजार. "७ तारखेला एकदम भरतो" या सवयीचा फायदा बिल स्वच्छ असताना असतो. बाकी असताना तोटाच.

तिसरं, महाग कर्ज स्वस्त कर्जानं फेडा. ३८,००० वर कार्डाचं महिन्याचं व्याज १,३३० आणि जीएसटी २३९, म्हणजे १,५६९. तेच १५ टक्क्यांच्या सोनेतारण किंवा पतसंस्थेच्या कर्जावर ४७५. महिन्याला हजार रुपयांचा फरक. बँकेला फोन करून बाकी रक्कम ईएमआयमध्ये करून मागितली तरी दर बहुधा खाली येतो. प्रोसेसिंग फी आणि जीएसटी धरून एकूण किती भरायचं, हे मात्र आधी विचारा. फोनवरचा मुलगा फक्त हप्ता सांगेल, तुम्ही बेरीज विचारा. घरात सोनं ठेवायची इच्छा नसते, मला कळतं. पण कपाटात ठेवलेलं सोनं कार्डाचं व्याज भरत नाही.

आणि एक दिवस उशीर झाला तर घाबरून जाऊ नका. शेवटची तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय बँकेला लेट फी लावता येत नाही आणि सिबिलसारख्या संस्थेकडे थकबाकीदार म्हणून कळवता येत नाही. लेट फी राहिलेल्या रकमेवर, पूर्ण बिलावर नाही. तिच्यावर आणि करांवर पुन्हा व्याज लावायचं नाही, असाही नियम आहे. लावलेलं दिसलं तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार होते, फुकट.

सिबिलचं महत्त्व दुकानदाराला उशिरा कळतं. कार्डाचे दोन हजार चुकले म्हणून दोन वर्षांनी मुद्रा कर्जाच्या टेबलावर साहेब फाईल बाजूला सरकवतो. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी ही माहिती महिन्याची वाट न बघता पंधरा दिवसांनी कळवायला सुरुवात केली. चूक लवकर दिसते, तशी सुधारणाही लवकर दिसते.

राहिली ती बिलाची तारीख बदलायची गोष्ट. रिझर्व्ह बँकेनं सांगितलंय की ग्राहकाला बिलिंग सायकल निदान एकदा बदलून घ्यायचा पर्याय द्यायचाच. फार थोड्या लोकांना हे माहीत आहे. भाऊंना विचारलं, तुमच्या गल्ल्यात सगळ्यात जास्त रोख कधी असते? ते म्हणाले, एमआयडीसीतल्या पोरांचे पगार झाल्यावर, १० ते १५ तारखेला. आणि शेवटची तारीख होती ७! म्हणजे दर महिन्याला पैसा यायच्या तीन दिवस आधी बिल उभं. चहाचा कप तसाच ठेवून त्यांनी बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. वीस मिनिटं गाणं ऐकलं, दोनदा कट झाला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा बॅच पुन्हा सुरू झाली होती, ते बाहेरच उभे होते. आत आले आणि मागूनच ओरडले, "सर, २८ तारीख करून देतो म्हणते!"

२८ ला बिल, वीस दिवसांनी १७-१८ ला भरणा. चालेल. त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. बाकीच्या सात-आठ जणांनी आपापले मोबाईल काढले आणि बिलाची तारीख शोधायला लागले. उधारी वसुलीचा उरलेला भाग आम्ही पुढच्या बॅचवर ढकलला. तो व्हिडिओ नवरात्राच्या आधी टाकतो.